यंत्र अडते तिथे

दोन वीस-अंकी संख्यांचा गुणाकार संगणक क्षणात करतो. मात्र शंभर वर्षांपूर्वीच्या वर्तमानपत्रातला, शाई फुटलेला एखादा शब्द वाचायचा असेल, फोटोत झाडाआड दिसणारा प्राणी कुत्रा आहे की लांडगा हे ठरवायचे असेल, किंवा एखादे वाक्य कौतुकाचे आहे की टोमणा आहे हे ओळखायचे असेल, तर त्याची गाडी वर्षानुवर्षे अडून राहिली. माणसाला ही कामे फारसा विचार न करता जमतात. अशा कामांचे बारीक तुकडे पाडायचे, ते हजारो माणसांपुढे ठेवायचे आणि त्यांची उत्तरे गोळा करून, पारखून, जोडून मोठा प्रश्न सोडवायचा, या पद्धतीला ‘मानवी संगणन’ म्हणतात. तुकडे पाडणे, वाटणे आणि हिशेब ठेवणे हे काम संगणकाचे. पाहणे, वाचणे आणि समजणे हे माणसांचे.

माणसे जमवणे त्या मानाने सोपे असते. खरी अडचण उत्तरावर विश्वास ठेवण्याची आहे. ज्याचा चेहरा ठाऊक नाही, शिक्षण ठाऊक नाही, जो कंटाळलेला असेल, घाईत असेल किंवा मुद्दाम खोटे सांगत असेल, अशा माणसाचे उत्तर बरोबर कसे मानायचे? बरोबर उत्तर आधी माहीत असते तर विचारावेच लागले नसते. या क्षेत्रातली जवळजवळ सगळी कल्पकता या एका प्रश्नाशी झुंजताना खर्च झाली आहे.

हा प्रश्न इंटरनेटच्या खूप आधीचा आहे. अठराव्या शतकात भर समुद्रात जहाजाचे रेखांश काढायचे तर चंद्र कोणत्या वेळी कुठे असेल याचे तयार कोष्टक हाताशी लागे. इंग्लंडचे राजखगोलशास्त्रज्ञ नेव्हिल मॅस्केलाइन यांनी १७६७ या वर्षासाठी असे पहिले ‘नॉटिकल अल्मनॅक’ काढले. त्यातली आकडेमोड एका कचेरीत होत नसे. गावोगावी आपापल्या घरी बसून काम करणारे पगारी गणक ती करत. एका महिन्याचे काम दोन गणकांकडे स्वतंत्रपणे जाई, आणि तिसरा एक तुलनाकार दोघांचे आकडे ताडून पाही. दोन माणसे एकमेकांना न विचारता एकाच आकड्यावर आली, तर तो आकडा बहुधा बरोबर असतो, एवढ्याच विश्वासावर नाविकांचे प्राण सोपवलेले होते. पुढे दोन गणकांनी एकमेकांची उत्तरे उतरवून घेतल्याचे उघडकीला आले, तेव्हा दोघांचेही काम गेले. शिक्षा कडक वाटेल, पण नक्कल झाली की दुसऱ्या उत्तराला साक्षीचे मोल उरत नाही.

फ्रान्समध्ये १७९० च्या दशकात गास्पार द प्रोनी यांनी लॉगॅरिथमची आणि त्रिकोणमितीची प्रचंड कोष्टके तयार करवली, तेव्हा त्यांनी माणसांची उतरंड लावली. वर मोजके गणिती, मध्ये काम आखून देणारे, आणि खाली फक्त बेरीज-वजाबाकी करणारे साठ-ऐंशी लोक. या खालच्या थरात बरेच जण केशरचनाकार होते. क्रांतीनंतर उमराव घराणी परागंदा झाल्याने त्यांचा धंदा बसला होता. त्यांना त्रिकोणमिती येण्याची गरज नव्हती, आणि अवघड गणित इतक्या सोप्या पायऱ्यांत फोडता येते हे पाहूनच चार्ल्स बॅबेज यांना या पायऱ्या यंत्राकडून करवून घेण्याच्या कल्पनेत बळ मिळाले. भारतात ‘पीक १५’ हे शिखर जगात सर्वांत उंच असल्याचे गणित १८५२ च्या सुमारास मांडणारे राधानाथ सिकदार हेही सर्वेक्षण खात्याचे मुख्य गणकच होते.

विसाव्या शतकात इलेक्ट्रॉनिक संगणक आले आणि आकडेमोड माणसाच्या हातून कायमची गेली. शतक संपता संपता मात्र चक्र उलटे फिरले. याहूच्या मोफत ईमेल सेवेवर स्वयंचलित प्रोग्रॅम हजारो खोटी खाती उघडत होते. समोर माणूस आहे की प्रोग्रॅम, हे ओळखायचे कसे? पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात प्राध्यापक मॅन्युएल ब्लम आणि त्यांचा ग्वातेमालाहून आलेला विद्यार्थी लुईस फॉन आन यांनी सहकाऱ्यांसह २००० साली उत्तर शोधले: वाकडीतिकडी केलेली अक्षरे दाखवायची आणि ती टाइप करायला सांगायची. माणूस वाचेल, प्रोग्रॅम अडेल. हाच ‘कॅप्चा’. संगणकाची कमजोरी इथे कुलपासारखी वापरली गेली.

पण माणसाला जे जमते आणि यंत्राला जमत नाही, त्याचा उपयोग केवळ पहाऱ्यासाठी का करायचा? हा विचार फॉन आन यांनी पुढच्या काही वर्षांत धसास लावला. लोक संगणकावर पत्त्यांचे खेळ खेळण्यात अब्जावधी तास घालवत होते. त्यातला थोडा वेळ एखाद्या उपयोगी कामाकडे वळवता आला तर? त्या काळी इंटरनेटवरच्या चित्रांत काय आहे हे शोधयंत्रांना कळत नसे; फाइलच्या नावावरून आणि आजूबाजूच्या मजकुरावरून अंदाज बांधावा लागे. २००३ मध्ये आलेला ‘ईएसपी गेम’ हा खेळ चित्रांना नावे देण्यासाठी रचलेला होता, आणि खेळणाऱ्यांना मात्र तो निव्वळ खेळ वाटे.

त्याची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातले दोन अनोळखी खेळाडू यदृच्छेने जोडले जातात. त्यांना एकमेकांशी बोलता येत नाही. दोघांना एकच चित्र दिसते आणि दुसरा जो शब्द लिहील तोच आपल्याला लिहायचा असतो. मग माणूस काय लिहील? दोघांमध्ये सामाईक असे एकच आहे, ते म्हणजे चित्र. म्हणून चित्रात जे दिसते तेच लिहिणे हा जिंकण्याचा सर्वांत सोपा मार्ग ठरतो. शब्द जुळला की गुण मिळतात, पुढचे चित्र येते आणि खेळवणाऱ्याच्या हाती त्या चित्राचे एक खात्रीचे नाव पडते. मॅस्केलाइन यांच्या दोन गणकांची युक्ती इथे अडीच मिनिटांच्या डावात बसवली आहे. पुरेशा जोड्यांनी ‘कुत्रा’ लिहिले की तो शब्द त्या चित्रासाठी बाद केला जातो, म्हणून पुढच्या जोड्यांना ‘पट्टा’, ‘गवत’, ‘काळा’ असे खोलात जावे लागते. लबाडीलाही वाट ठेवलेली नाही. जोडीदार निवडता येत नाही, आणि मधूनमधून ज्यांची नावे आधीच ठाऊक आहेत अशी चित्रे टाकून खेळाडूची परीक्षा घेतली जाते. पहिल्या चार महिन्यांत १३,६३० खेळाडूंनी सुमारे २ लाख ९४ हजार चित्रांना १२ लाख ७१ हजारांहून जास्त नावे दिली, तीही एक पैसा न घेता. गूगलने २००६ मध्ये हा खेळ आपल्या नावाखाली सुरू केला आणि २०११ पर्यंत चालवला.

दरम्यान कॅप्चा जगभर पसरला होता. रोज सुमारे दहा कोटी कॅप्चा टाइप होत असल्याचा अंदाज होता. एकाला दहा सेकंद धरली तर दिवसाकाठी पावणेतीन लाखांहून अधिक मानवी तास पहाऱ्यावरच खर्च होत होते. दुसरीकडे जुनी पुस्तके आणि वर्तमानपत्रे स्कॅन करून त्यांचा शोधता येईल असा मजकूर करण्याचे काम सुरू होते, आणि यंत्रवाचनाचे प्रोग्रॅम फिकट शाई आणि तुटक्या टायपांपुढे हात टेकत होते. ही दोन टोके जोडून २००७ मध्ये ‘रीकॅप्चा’ तयार झाला.

एकच पान दोन वेगवेगळे प्रोग्रॅम वाचत. ज्या शब्दावर त्यांचे एकमत होत नसे किंवा जो शब्दकोशात सापडत नसे, तो संशयित ठरे. असा संशयित शब्द कॅप्चा म्हणून लोकांपुढे येई, पण एकटा नाही. त्याच्या जोडीला दुसरा एक शब्द असे, ज्याचे उत्तर आधीच माहीत आहे. कोणता शब्द परीक्षेचा आणि कोणता खरोखरच अडलेला, हे टाइप करणाऱ्याला कळत नसे, म्हणून दोन्ही नीट वाचावे लागत. ओळखीचा शब्द बरोबर आला की समोर लक्ष देणारा माणूस आहे असे समजून त्याने वाचलेल्या दुसऱ्या शब्दाला एक मत मिळे. प्रोग्रॅमच्या वाचनाला अर्धे मत. एखाद्या वाचनाची अडीच मते झाली की ते पक्के धरले जाई. माणसाला पूर्ण मत आणि यंत्राला अर्धे, या हिशेबात त्या काळची दोघांची पत स्पष्ट दिसते. पक्का झालेला शब्द मग स्वतः परीक्षेचा शब्द म्हणून वापरता येई, आणि जो अनेकांनी टाळला तो वाचण्याजोगा नाही असे ठरे.

२००८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात या प्रयोगाचा लेखाजोखा आला. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या जुन्या अंकांतील लेखांवर घेतलेल्या चाचणीत यंत्रवाचनाची अचूकता शब्दांगणिक ८३.५ टक्के होती, रीकॅप्चाची ९९.१ टक्के. ही अचूकता धंदेवाईक टंकलेखकांच्या तोडीची होती. पहिल्या वर्षात ४० हजारांहून अधिक संकेतस्थळांवरून ४४ कोटी शब्द लोकांनी सोडवून दिले. ईमेल खाते उघडताना किंवा तिकीट काढताना कपाळाला आठ्या घालून दोन शब्द टाइप करणाऱ्या बहुतेकांना आपण एकोणिसाव्या शतकातल्या एखाद्या बातमीचा तुकडा वाचून देत आहोत, हे ठाऊकही नव्हते. २००९ मध्ये गूगलने रीकॅप्चा विकत घेतला. पुढे त्यात शब्दांऐवजी रस्त्यांवरच्या छायाचित्रांतले घरांचे क्रमांक दिसू लागले, आणि लोकांच्या हातून नकाशे दुरुस्त होऊ लागले. काम लोकांचे आणि फायदा एका कंपनीचा, हा आक्षेप तेव्हापासूनचा आहे, आणि तो रास्त आहे. वर्तमानपत्राचा इतिहास जतन करण्यासाठी नकळत घेतलेली मदत आणि एखाद्या व्यवसायासाठी नकळत घेतलेली मदत यांना एकाच मापाने मोजता येत नाही.

विज्ञानातल्या काही प्रकल्पांनी ही लपवाछपवी केली नाही. त्यांनी लोकांना काम काय आहे ते सांगूनच हाक दिली. २००७ च्या जुलैत ऑक्सफर्डच्या खगोलशास्त्रज्ञांनी ‘गॅलेक्सी झू’ सुरू केला. स्लोन आकाश सर्वेक्षणातून सुमारे नऊ लाख दीर्घिकांची चित्रे हाती आली होती. दीर्घिका सर्पिल आहे की लंबगोल, सर्पिल असेल तर कोणत्या दिशेला वळलेली आहे, हे डोळ्यांनीच ठरवायचे होते. संशोधक केविन शॅविन्स्की यांनी स्वतः पन्नास हजार चित्रे पाहून काढली आणि उरलेली एकट्यादुकट्याच्या आवाक्यातली नाहीत हे त्यांच्या ध्यानात आले. लोकांचा प्रतिसाद अपेक्षेपलीकडचा होता. एका दिवसाच्या आत तासाला ७० हजार नोंदी येऊ लागल्या आणि पहिल्या वर्षात जवळपास दीड लाख लोकांनी पाच कोटींहून अधिक नोंदी केल्या. एकेका दीर्घिकेवर सरासरी ३८ जणांची नजर पडली.

या नोंदींत एक चमत्कारिक गोष्ट निघाली. घड्याळाच्या उलट दिशेने वळलेल्या दीर्घिका जास्त दिसत होत्या. विश्वाला एखाद्या दिशेची आवड असेल तर तो केवढा मोठा शोध! पण संशोधकांनी काही चित्रे आरशातल्यासारखी उलटी करून पुन्हा लोकांपुढे ठेवली. चित्र उलटले तरी लोक घड्याळाच्या उलट दिशेचेच बटण जास्त दाबत राहिले. कल विश्वाचा नव्हता, पाहणाऱ्यांचा होता. ३८ माणसे स्वतंत्रपणे पाहत असली तरी सगळ्यांची चूक एकाच बाजूला झुकत असेल तर एकमत फसवे ठरते. मतमोजणीचे हे दुखणे या प्रयोगात स्वच्छ दिसले. त्याच वेळी, सांगितलेल्या कामापलीकडे पाहण्याची माणसाची सवयही इथेच उपयोगी पडली. हॉलंडमधील शिक्षिका हॅनी व्हान आर्केल यांना एका दीर्घिकेशेजारी विचित्र डाग दिसला आणि ‘हे काय आहे?’ असे त्यांनी विचारले. तो पूर्वी न पाहिलेला, तप्त वायूचा प्रचंड ढग निघाला. प्रोग्रॅमने तो डाग दोष समजून सोडून दिला असता.

महाराष्ट्राशी नाते असलेला असा एक प्रकल्प आहे. नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने टिपलेल्या आकाशातल्या दीर्घिका तपासण्यासाठी डॉ. आनंद होता यांनी २०१३ मध्ये ‘रॅड अॅट होम’ सुरू केला. तिथे विज्ञान शिकलेल्या हौशी लोकांना आधी प्रशिक्षण दिले जाते आणि मगच चित्रे हाती येतात.

सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातला ‘फोल्डइट’ हा खेळ याहून वेगळ्या जातीचा आहे, कारण तिथे माणसाकडून पाहण्याबरोबर कौशल्यही मागितले जाते. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. ती विशिष्ट आकारात दुमडली तरच काम करते. तिला दुमडण्याच्या शक्यता इतक्या आहेत की संगणकाने सगळ्या तपासायच्या म्हटल्या तरी जन्म पुरणार नाही. डेव्हिड बेकर यांच्या प्रयोगशाळेचा एक प्रोग्रॅम लोकांच्या घरच्या संगणकांवर, ते रिकामे असताना, हे काम करत असे आणि त्याची धडपड पडद्यावर दिसे. ती बघणाऱ्यांनीच कळवले की, हे आम्हाला याहून चांगले जमेल. २००८ मध्ये खेळ आला. साखळी ओढायची, हलवायची, रबरबँडने बांधायची. आकार जितका कमी ऊर्जेचा तितके गुण जास्त. खेळाडूंचे बळ कशात आहे हे २०१० मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आले. पुढे फायदा दिसत असेल तर माणसे हातचा आकार मोडून, गुण घसरू देऊन, पुन्हा बांधायला तयार होतात. प्रोग्रॅम तसे धाडस करायला बिचकत आणि जवळच्या उतारावर अडकून पडत.

२०११ मध्ये माकडांना होणाऱ्या एड्ससारख्या आजाराच्या एका विषाणूतील प्रथिनाचा नमुना खेळाडूंपुढे ठेवला गेला. संशोधकांना दशकाहून अधिक काळ त्याची रचना सुटत नव्हती. खेळाडूंनी तीन आठवड्यांत इतका नेमका आराखडा दिला की त्यावरून रचना पक्की करता आली. त्यांतल्या बहुतेकांचा जीवरसायनशास्त्राशी संबंध नव्हता. शोधनिबंधात खेळाडूंचे गटही लेखक म्हणून आले. ज्यांनी काम केले त्यांची नावे छापली गेली, ही साधी गोष्ट या क्षेत्रात अजूनही अपवादाने घडते.

कारण बहुतेक मानवी संगणन मजुरीवर चालते. अॅमेझॉनने नोव्हेंबर २००५ मध्ये ‘मेकॅनिकल टर्क’ हा बाजार उघडला. कंपनीला स्वतःच्या यादीतली एकाच वस्तूची दोनदा आलेली पाने शोधायची होती आणि संगणकाला ते जमत नव्हते. १७७० मध्ये व्हिएन्नाच्या दरबारात दाखवलेल्या बुद्धिबळ खेळणाऱ्या ‘यंत्रा’वरून बाजाराला नाव मिळाले, त्या यंत्राच्या पेटीत खराखुरा बुद्धिबळपटू लपलेला असे. नव्या बाजारात कुणीही काम टाकावे आणि कुणीही घरबसल्या काही सेंट घेऊन ते करावे. काम करणाऱ्यांत अमेरिकनांखालोखाल भारतीय मोठ्या संख्येने होते. काम देणाऱ्याला उत्तर नापसंत करून पैसे नाकारण्याची मुभा होती. २०१८ च्या एका अभ्यासात २,६७६ जणांची मिळकत तपासली तेव्हा मध्यक तासाला सुमारे दोन डॉलर निघाला. अमेरिकेच्या किमान वेतनाहून जास्त मिळवणारे फक्त चार टक्के होते.

याच बाजारातून आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेचा पाया घातला गेला. संशोधक फे-फे ली यांना संगणकाला शिकवण्यासाठी लाखो चित्रे नावांसकट हवी होती. १६७ देशांतल्या जवळपास ४९ हजार लोकांनी मेकॅनिकल टर्कवरून चित्रे तपासली आणि ‘इमेजनेट’ हा १ कोटी ४० लाखांहून अधिक चित्रांचा संग्रह उभा राहिला. पारखही विचारपूर्वक होती. चित्रात ‘मांजर’ आहे हे दोन-चार जणांच्या होकाराने ठरे, पण ते ‘बर्मी मांजर’ आहे हे ठरवायला जास्त जणांचे एकमत लागे. २०१२ च्या स्पर्धेत या संग्रहावर शिकलेल्या एका प्रोग्रॅमने चुकांचे प्रमाण २६ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आणले, आणि तिथून चक्र पुन्हा फिरले. २०१४ मध्ये गूगलने जाहीर केले की अत्यंत वाकडी अक्षरेही त्यांचा प्रोग्रॅम ९९.८ टक्के वेळा वाचतो. जुना कॅप्चा निरुपयोगी झाला. त्या वर्षी ‘मी यंत्रमानव नाही’ हा चौकोन आला. प्रथिनांच्या बाबतीतही ‘अल्फाफोल्ड’ने २०२० मध्ये मोठी झेप घेतली, आणि २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यामागच्या डेमिस हसाबिस व जॉन जंपर यांना बेकर यांच्यासह मिळाले.

म्हणून माणसाचे काम संपले, असे झाले नाही, ते सरकले. भाषेच्या प्रोग्रॅमची दोन उत्तरे शेजारी ठेवून कोणते चांगले ते सांगणे, वाहनाच्या कॅमेऱ्यातल्या प्रत्येक पादचाऱ्याभोवती चौकट आखणे, किळसवाण्या आणि हिंसक मजकुराला खुणा करून प्रोग्रॅमला तो टाळायला शिकवणे, ही आजची कामे आहेत. यातले शेवटचे काम केनियातल्या मजुरांकडून तासाला दोन डॉलरहून कमी पैशांत करवून घेतल्याचे ‘टाइम’ने जानेवारी २०२३ मध्ये उघडकीला आणले. दिवसभर असला मजकूर वाचणाऱ्याच्या मनावर होणारा आघात कुठल्याच दरपत्रकात धरलेला नसतो.

देवनागरीच्या बाबतीत यंत्र अजून बरेच अडते. जुन्या छपाईत शाईचा ठिपका अनुस्वार होऊन बसतो, झिजलेल्या टायपात ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ एकमेकांत मिसळतात, रफार तुटतो. मराठी विकिस्रोतावर स्वयंसेवक अशी पाने हाताने तपासतात. एकाने तपासलेले पान पिवळे होते, आणि दुसऱ्या सदस्याने पुन्हा वाचल्यावरच हिरवे. हस्ताक्षराचा प्रश्न याहून बिकट आहे, पण तिथे आशेला जागा आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संगणकाशी फारशी ओळख नसलेल्या, मुख्यतः मराठी-हिंदी वाचणाऱ्या ग्रामीण भागातील लोकांनाही साध्या स्मार्टफोनवर हस्तलिखित शब्द टाइप करायला दिले होते. त्यात सहभागी झालेल्यांची अचूकता ९६.७ टक्के भरली, आणि अनेकांची उत्तरे एकत्र केल्यावर काम व्यावसायिक संस्थेच्या बरोबरीचे झाले. इंग्रजी न येणाऱ्यांनाही या कामात मानाने शिरता येईल, याचा हा पुरावा आहे.

मोडी लिपीपुढे मात्र ही रीत थबकते. पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दफ्तरात कोट्यवधी कागद आहेत. मोडीत आधी ओळभर शिरोरेघ ओढून तिच्याखाली अक्षरे सलग लिहीत जायची पद्धत असल्याने शब्द कुठे संपतो हे यंत्राला कळत नाही, आणि वाटेवरच्या शंभर माणसांना विचारले तरी शंभरांचाही नकारच येईल. इथे गर्दी उपयोगाची नाही. लिपी, तिचे संक्षेप आणि त्या काळची भाषा जाणणारेच वाचक हवेत. त्यासाठी मोडीचे वर्ग चालतात. पण एक कागद दोघांनी स्वतंत्रपणे वाचायचा तर प्रत्येक कागदामागे दोन जाणकार लागतात, आणि दफ्तराच्या मानाने ते आज फारच थोडे आहेत.